पेपरातला पारा आणि वावरातला पारा: नाशिकच्या थंडीची तयारी कशी करायची

डिसेंबर उजाडला की नाशिकच्या पेपरात एक चौकट ठरलेली असते. नाशिक इतके अंश, निफाड इतके, महाबळेश्वर इतके. निफाड महाबळेश्वरच्या खाली गेलं की आपल्याला उगाच कॉलर ताठ केल्यासारखं वाटतं. मला मात्र ती चौकट बघून गेली काही वर्षं एकच प्रश्न पडतो, हा आकडा नेमका कोणाच्या वावरातला?

निफाडचा म्हणून जो आकडा छापून येतो तो बहुतेक वेळा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. तिथलं थर्मामीटर पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर असतं. पेटीमुळे त्याला वरचं मोकळं आकाश दिसत नाही. तुमच्या बागेतल्या पानाला मात्र ते दिसतं, आणि जमिनीलगतच्या गवताला तर आणखीच. म्हणून निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पेटीतला पारा ४ अंश सांगतो तेव्हा जमिनीलगत शून्य असू शकतं. डिसेंबर २०१८ च्या शेवटच्या आठवड्यात निफाडचा पारा २ अंशांच्या खाली गेला होता, त्या सकाळी दव गोठल्याचे फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होते. तो आकडा वाचूनच अंगावर काटा येतो, पण ज्या पानांवर दव गोठलं होतं त्यांच्यापाशी त्याहून कमी होतं.

भाऊ निफाड तालुक्यात द्राक्षबाग बघतो, मी शहरात राहतो आणि थंडीत शनिवार-रविवार मळ्यात असतो. पुढे लिहिलंय ते आमच्या चुकांतून, भावाच्या वहीतून आणि जाणत्या माणसांना विचारून जमलेलं आहे. बागायतदारांसाठी जास्त आहे, कारण तिथे काम जास्त आहे. पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी न्हाणीघराचा भाग वगळू नये.

थंडी वाहते

मुंबईहून आलेले पाहुणे हमखास विचारतात, "समुद्र इतका जवळ, मग तुमच्याकडे एवढा गारठा कसा?" डहाणूचा किनारा नाशिकपासून सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटर, पण मध्ये सह्याद्री उभा आहे. समुद्राचं पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, त्यामुळे किनाऱ्यावरची रात्र फार उतरत नाही. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ ला ७.४ अंश नोंदले गेले होते आणि मुंबईचा तो विक्रम अजून टिकून आहे. निफाडला ७.४ म्हणजे जानेवारीतली साधी सकाळ.

हवामान खात्याचे निकषही म्हणूनच वेगळे आहेत. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी असेल तर ती थंडीची लाट. फरक त्याहून मोठा असेल तर तीव्र लाट. पारा ४ अंशांवर किंवा खाली गेला की सरासरी न बघताच लाट म्हणतात, २ अंशांवर किंवा खाली गेला की तीव्र. किनाऱ्यावरच्या ठिकाणांना हीच मर्यादा १५ अंशांची आहे. कोकणातल्या मावशीला १५ अंशांत हुडहुडी भरली तर हसू नका, तिच्या घराच्या खिडक्या, तिची पांघरुणं, तिचं अंग सगळं वेगळ्या हवेसाठी घडलेलं आहे.

मग निफाड महाबळेश्वरपेक्षा गार का? महाबळेश्वर उंचावर आहे, दिवसा तिथे गारवा असतो हे खरं. पण रात्री जमीन निवते, तिला चिकटलेली हवा गार होते, गार हवा जड असते आणि जड हवा उतारावरून खाली सरकते. डोंगरमाथ्यावरची हवा अशी निसटून जाते. गोदावरी, कादवा, बाणगंगेच्या खोलगट पट्ट्यात मात्र ती येऊन साचते आणि वर ऊबदार हवेचं झाकण बसतं. थंडी पाण्यासारखी वाहते एवढं डोक्यात ठेवलं की पुढचं निम्मं काम सोपं होतं. पाऊस पडल्यावर तुमच्या वावरात पाणी जिथे तुंबतं, तिथेच गारठाही तुंबतो.

पहिलं काम: आपला पारा आपण मोजायचा

किमान-कमाल दाखवणारी साधी थर्मामीटरं तीन घ्या. डिजिटल चालतात, रात्रीचा सगळ्यात कमी आकडा लक्षात ठेवणारी हवीत. तिन्ही आधी एक रात्र घरात शेजारी शेजारी ठेवून बघा, एखादं अर्धा-एक अंश चुकीचं दाखवत असेल तर त्यावर स्केचपेनने तेवढा फरक लिहून टाका.

एक बागेच्या सगळ्यात उंच कोपऱ्यात, एक मध्ये, एक सगळ्यात खालच्या बाजूला, तिन्ही घडांच्या उंचीवर. डोक्यावर छोटी फळी किंवा पत्र्याचा तुकडा बांधा, बाजूंनी हवा खेळती राहू द्या. विहिरीच्या कठड्याशी, शेडच्या भिंतीला, सिमेंटच्या खांबाला चिकटवून लावू नका. दिवसभर तापलेलं बांधकाम रात्री ऊब सोडतं आणि तुम्हाला खोटा दिलासा मिळतो. आम्ही पहिल्या वर्षी नेमकं हेच केलं. थर्मामीटर पंपाच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला टांगलं, ते सगळा हिवाळा ८-९ दाखवत राहिलं, आणि खालच्या तुकड्यातली पानं करपली तेव्हा भाऊ म्हणाला, "रोग कुठला म्हणायचा हा?"

गार हवा कुठून कुठे सरकते हे डोळ्यांनी बघायचं असेल तर वारा पडलेल्या रात्री नऊ-दहाला जाड उदबत्ती पेटवून गुडघ्याएवढ्या उंचीवर धरा. धूर वर जाऊन थोड्याच वेळात आडवा पसरतो आणि हळूहळू एका दिशेला चालू लागतो. तोच तुमच्या वावरातला गारठ्याचा ओढा. चार ठिकाणी हा प्रयोग करा. त्या ओढ्याच्या तोंडाशी, म्हणजे खालच्या बांधावर, दाट कुंपण, शेडनेटचा पडदा किंवा उसाचा फड असेल तर तिथे धरण बांधल्यासारखं होतं. पडदा वरच्या बाजूला लावा, खालची वाट मोकळी ठेवा. आमच्याकडे खालच्या बांधावर घाणेरीची जाळी माजली होती. ती काढल्यावर पुढच्या हिवाळ्यात वरच्या आणि खालच्या तुकड्यातला फरक तीनावरून दोन अंशांवर आला. एका अंशासाठी दोन दिवसांची मजुरी गेली, आणि मला ती स्वस्त वाटते.

वही ठेवा. तारीख, रात्री दहाचा आकडा, सकाळचा किमान आकडा, आकाश, वारा आणि त्या दिवशी पेपरात आलेला निफाडचा आकडा. वीस-पंचवीस नोंदी झाल्या की तुमचा आणि केंद्राचा फरक कळतो. आमच्या खालच्या तुकड्याचा फरक निरभ्र रात्री अडीच-तीन अंश आहे, ढगाळ रात्री जवळपास काहीच नाही. आता अंदाजात निफाड ६ आलं की आम्ही ते साडेतीन वाचतो.

संध्याकाळी काय बघायचं

मोबाईलवर हवामान खात्याचं 'मौसम' आणि शेतीसल्ल्यासाठी 'मेघदूत' ही दोन्ही ॲप ठेवा. जिल्ह्यासाठीचा कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. पण शेवटचा निर्णय संध्याकाळी सहा-साडेसहाला ओट्यावर उभं राहून घ्यायचा.

आकाश स्वच्छ आहे का? ढग असतील तर ते पांघरुणाचं काम करतात. वारा पडलाय का? झुळूक सुरू असेल तर वरची ऊबदार हवा खाली मिसळत राहते, त्या रात्री पारा फार उतरत नाही. आणि हवा कोरडी आहे का? ओठ फुटतायत, वाळत घातलेली चादर तासाभरात खडखडीत होतेय, म्हणजे कोरडी. दमट हवेत दव लवकर पडायला लागतं आणि दव पडताना ऊब सुटते, त्यामुळे उतार मंदावतो. कोरड्या हवेत तो ब्रेकही नसतो. स्वच्छ, शांत आणि कोरडी, अशा तिन्ही गोष्टी जुळलेल्या रात्री झोपायचं नाही.

आणखी एक ताल लक्षात ठेवण्यासारखा आहे. उत्तरेत पश्चिमी चक्रावात (पश्चिमेकडून सरकत येणारा कमी दाबाचा पट्टा) आला की आपल्याकडे आधी ढगाळतं, किमान तापमान उलट वाढतं, लोक स्वेटर काढून ठेवतात. तो पुढे सरकला की आकाश धुतल्यासारखं होतं आणि उत्तरेकडचे गार, कोरडे वारे खाली येतात. पहिली रात्र वाऱ्यामुळे बरी जाते. वारा पडतो ती दुसरी-तिसरी रात्र घात करते.

बागेतली रात्र

ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर (फळासाठीच्या छाटणीनंतर) डिसेंबर-जानेवारीत बाग मणी फुगवण्याच्या किंवा पाणी उतरण्याच्या, म्हणजे मणी मऊ होऊन गोडी भरायला लागण्याच्या, टप्प्यात असते. पारा १० अंशांच्या खाली राहायला लागला की वेलीचं खाणं-पिणं मंदावतं, मण्यांची फुगवण थांबते. थॉमसन जातीच्या द्राक्षात पाणी उतरताना दिवस-रात्रीच्या तापमानात मोठी तफावत पडली तर मणी गुलाबी होतात आणि निर्यातीचा माल नाकारला जातो. त्यासाठी पाणी उतरण्याच्या आधीच घडांना कागद लावतात. ते काम लाट जाहीर झाल्यावर सुचून उपयोग नाही, तोवर मजूर मिळत नाहीत आणि वेळही गेलेली असते.

लाटेच्या आठवडाभर आधी जमिनीकडे बघा. उघडी, ओलसर, बसलेली जमीन दिवसा उष्णता साठवते आणि रात्री सोडते. दोन ओळींमधलं माजलेलं गवत आणि जाड पाचट ही उष्णता आत जाऊ देत नाहीत आणि बाहेरही येऊ देत नाहीत. ताजी रोटर मारलेली भुसभुशीत जमीनही तशीच. उन्हाळ्यात आच्छादन सोनं आहे, पण तीव्र थंडीच्या आठवड्यात गवत कापून बाजूला काढलेलं बरं, आणि त्या आठवड्यात रोटर नको.

मग पाणी. विहिरीचं पाणी हाताला कोमट लागतं, तीच तुमची फुकटची ऊब. ओली जमीन उष्णता जास्त धरते, म्हणून खरं तर आदल्या दुपारी दिलेलं पाणी रात्रीच्या पाण्यापेक्षा जास्त कामाचं, सूर्य ते तापवून देतो. पण शेतीची लाईट दिवसाची की रात्रीची हे आपल्या हातात नाही. रात्रपाळी असेल तर मध्यरात्रीनंतर पाणी सुरू करून सूर्य वर येईपर्यंत चालू ठेवा. ड्रिपने ओला होणारा पट्टा अरुंद असतो, त्यामुळे त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको.

इथेच एक फास आहे. मण्यात पाणी उतरायला लागल्यावर आठ दिवस ताण दिलेल्या बागेला एकदम भरपूर पाणी दिलं, तर दुसऱ्या दिवशी ऊन चढताच मणी तडकतात. थंडीपासून वाचवलेला घड असा क्रॅकिंगने जातो. त्या टप्प्यावरच्या बागेत रोजचं थोडं थोडं पाणी चालू ठेवा, लाट येण्याआधीपासूनच. वरून तुषार (स्प्रिंकलर) मारणार असाल तर एकदा सुरू केल्यावर सकाळपर्यंत बंद पडता कामा नये. मध्येच लाईट गेली तर ओल्या पानावरचं पाणी उडून जाताना पान आणखी गार करतं. आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही, म्हणून आम्ही तुषारच्या वाटेला जात नाही.

आता शेकोट्या. परंपरेने सगळे धूर करतात. धुराने बाग झाकली की थंडी लागत नाही, हा समज पक्का आहे. माझं मत वेगळं आहे. धूर दिसायला भरघोस असला तरी जमिनीची ऊब आकाशात जाण्यापासून फार अडवत नाही. कामाला येते ती आगीची उष्णता. ओला पाला टाकून दाट धूर करण्यापेक्षा वाळकं सरपण, छाटणीच्या काड्या, गोवऱ्या जाळा. एकच मोठी होळी पेटवू नका, तिची गरम हवा वर झेपावते, झाकण फोडून निघून जाते आणि चहूकडून गार हवा आत ओढते. गुडघ्याएवढ्या लहान लहान शेकोट्या, जास्त संख्येने, खालच्या तुकड्यात दाट आणि वरच्या तुकड्यात विरळ. वेलीपासून आणि ड्रिपच्या नळ्यांपासून हातभर नव्हे, चांगल्या दोन-तीन हात लांब. टायर, प्लॅस्टिक, औषधांचे डबे जाळायचे नाहीत. तो धूर घडावर आणि तुमच्या छातीत बसतो.

वेळ सगळ्यात महत्त्वाची. बहुतेक जण तीनला उठून शेकोट्या पेटवतात आणि पाचला सरपण संपतं. दिवसातलं सगळ्यात कमी तापमान सूर्य उगवताना किंवा त्यानंतर थोड्या वेळाने असतं. जानेवारीत नाशिकला सूर्योदय सात-सव्वासातला होतो. म्हणजे आग पाच ते साडेसात हवी. सरपणाचे दोन वाटे करा, दुसरा मोठा ठेवा. तिघांनी आळीपाळीने राखण करा, आणि एकटं कोणी बागेत रात्र काढू नका. अंधारात विंचूकाट्याचं भय आहेच, बिबट्याचंही आहे. गोदाकाठच्या माणसाला हे सांगायला नको.

सकाळी पानं काळी-तपकिरी दिसली तरी लगेच कात्री घेऊन धावू नका. किती जळलंय हे कळायला चार-सहा दिवस लागतात. त्याच दिवशी युरियाचा किंवा टॉनिकचा मारा करणंही फुकट, सुन्न पडलेली वेल ते घेत नाही. थंडीनंतर नजर ठेवायची ती भुरीवर, म्हणजे पानामण्यांवर पांढरा थर धरणाऱ्या बुरशीवर. डाऊनी या दुसऱ्या रोगाला पानावर पाणी साचलेलं लागतं, भुरीला लागत नाही, दाट सावलीची बाग पुरते. गारठ्यात गंधकाची वाफ कमी निघते, त्यामुळे गंधकाची भुकटी मारूनही भुरी हटत नाही, पण म्हणून दुकानदार म्हणेल ते औषध घेऊ नका. निर्यातीची बाग असेल तर काढणीपूर्वीचे दिवस मोजा. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारस बघा आणि मगच पंप भरा.

अवकाळी आणि गारा

थंडीतला पाऊस हे मात्र खरोखर समुद्राचं देणं. डिसेंबर २०१७ मध्ये अरबी समुद्रात 'ओखी' चक्रीवादळ गुजरातकडे सरकताना मुंबईपासून आत घाटावरपर्यंत पाऊस पडला. २६ नोव्हेंबर २०२३ ला जिल्ह्यात गारांनी बागा झोडपल्या, ते तर अजून ताजं आहे. त्यामुळे नोव्हेंबरपासून अरबी समुद्रातल्या कमी दाबाची बातमी कोकणातल्या मच्छीमाराइतकीच द्राक्षवाल्यानेही वाचावी.

हवामान खात्याचा इशारा पिवळा असेल तर चर मोकळे करा. नारिंगी झाला तर काढणीला आलेला माल आणि उघड्यावरचा कांदा हलवा. विजांसाठी 'दामिनी' ॲप बघा आणि गडगडाट ऐकू आला की तारांच्या मांडवाखालून बाहेर या, तो सगळा लोखंडी सांगाडा आहे.

नुकसान झालंच तर आधी फोटो, तारीख-वेळ आणि ठिकाण दिसेल असे. गारपिटीसारख्या स्थानिक नुकसानीची सूचना विम्यासाठी ७२ तासांच्या आत द्यावी लागते. फळपिकाचा हवामान आधारित विमा मात्र तुमच्या बागेतल्या पाऱ्यावर चालत नाही, महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राच्या नोंदीवर चालतो. आपल्या मंडळाचं केंद्र कुठे आहे, उंचावर की खोलगटात, हे हप्ता भरण्याआधी जाऊन बघून या. वहीतल्या नोंदींवर भरपाई मिळणार नाही, पण तक्रार करताना बोलायला काहीतरी हातात असतं.

न्हाणीघर

शहरातल्या थंडीत सगळ्यात मोठा धोका गारठ्याचा नाहीच. तो न्हाणीघरातल्या गॅस गिझरचा आहे.

आमच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी एका सकाळी वरच्या मजल्यावरचा कॉलेजात जाणारा मुलगा आंघोळीला गेला तो पंचवीस मिनिटं बाहेर येईना. नळ चालू, हाक मारली तर उत्तर नाही. खिडकी थंडीमुळे बंद, वर कोणीतरी वर्तमानपत्राची घडी कोंबलेली. दार फोडलं तेव्हा तो भिंतीला टेकून बसलेला होता, चेहरा लालसर. वेळेवर बाहेर काढला म्हणून वाचला. त्याच्या आधी घरातले दोघं त्याच न्हाणीघरात आंघोळ करून गेले होते, हे नंतर लक्षात आलं.

गॅस जळायला हवा लागते. बंद खोलीत ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटके पडतात, आणि माणसाला वाटतं ॲसिडिटी झाली. एकामागून एक आंघोळी झाल्या की तो साचत जातो, म्हणून शेवटी जाणाऱ्याला धोका जास्त.

करायचं काय? गिझर न्हाणीघराच्या बाहेर, गॅलरीत किंवा मोकळ्या जागी बसवून आत फक्त पाइप आणा. हे जमत नसेल तर दार उघडं ठेवून बादल्या भरून घ्या, गिझर बंद करा, पाच मिनिटं हवा खेळू द्या आणि मग आंघोळ. खिडकीची फट बुजवायची नाही, कितीही झोंबलं तरी. आतून कडी लावायची नाही आणि बाहेरच्याने अधूनमधून हाक मारायची. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली तर त्या दिवसापासून वापर बंद, मेकॅनिकने बघेपर्यंत. कोणी आत पडलेलं आढळलं तर दार-खिडकी उघडा, स्वतः श्वास रोखून त्याला ओढून मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, १०८ ला फोन करा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचंच.

हाच नियम कोळशाच्या शेगडीला. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवायची आपली जुनी पद्धत कौलारू घरांतली होती. तिथे कौलांतून हवा जायची. स्लॅबच्या, स्लायडिंग खिडक्यांच्या खोलीत तीच शेगडी रात्रभर ठेवणं जिवावर बेततं. शेक घ्या, पण जागेपणी आणि दार उघडून. झोपताना शेगडी बाहेर. बंबही अंगणातच बरा.

पाणी तापवायचा रॉड असेल तर स्विच बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्याला बोट लावू नका, आणि लोखंडी किंवा पितळी बादली वापरू नका.

पहाटेचं फिरणं आणि घरातले वडीलधारे

गोल्फ क्लब मैदानावर पहाटे पाचला फिरणारी मंडळी मला माहीत आहेत, आणि ती ऐकत नाहीत हेही. तरी सांगतो. रक्तदाब, हृदयविकार, दमा असलेल्यांनी थंडीच्या लाटेत सूर्य वर आल्यावरच बाहेर पडावं. गारठ्यात कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, दाब वाढतो, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. शिवाय ऊबदार हवेचं झाकण पहाटे सगळ्यात खाली असतं आणि शेकोट्यांचा, कचऱ्याचा, गाड्यांचा धूर त्याखाली कोंडलेला असतो. छातीत दुखलं, जबडा किंवा डावा हात भरून आला तर 'थंडीने आखडलं' म्हणत बाम चोळत बसू नका.

म्हाताऱ्या माणसांना गारठा बाधतोय हे त्यांनाच कळत नाही. कुडकुडणं म्हणजे शरीर अजून लढतंय. कुडकुडणं थांबलं, बोलणं जडावलं, माणूस गोंधळल्यासारखं करू लागला तर शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली गेल्याची शंका घ्या. ओले कपडे काढा, कोरड्या घोंगडीत गुंडाळा, डोकं-कान झाका, छाती-पोटाला ऊब द्या. शुद्धीत असेल तर गरम गोड चहा. हातपाय जोरात चोळू नका, दारू पाजू नका. ब्रँडीने ऊब येते हा गैरसमज आहे, तिने कातडीकडे रक्त धावतं आणि आतली उष्णता आणखी लवकर जाते.

गोठ्यात जनावरांच्या पाठीवर गोणपाट, खाली कोरडं तणस आणि वाऱ्याच्या बाजूला बारदानाचा पडदा, एवढं पुरतं. पाणी सकाळी उपसलेलं ताजं द्या, रात्रभर हौदातलं नको.

धुईतला रस्ता

कसारा घाटातलं धुकं मुख्यतः पावसाळ्यातलं. हिवाळ्यातली धुई वेगळी, ती सखल भागात, पाण्याजवळ, पिकांच्या पट्ट्यात बसते: गोदाकाठ, नांदूरमधमेश्वर, सायखेडा, निफाड-येवला रस्ता. नांदूरमधमेश्वरला पक्षी बघायला शहरातून पहाटे निघणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. घरून निघताना चांदणं लख्ख असतं आणि कालव्याच्या पुलावर पोचल्यावर बोनेटही दिसत नाही. एवीतेवी पक्षी धुई उठल्याशिवाय दिसत नाहीत, तासभर उशिरा निघा.

अडकलातच तर हेडलाईट खाली, डिपरवर ठेवा. अप्परचा प्रकाश धुईवर आपटून डोळ्यांत परत येतो. रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी पट्टी धरून चाला, मधली नव्हे. काच थोडी उघडी ठेवा, समोरून येणारं वाहन दिसण्याआधी ऐकू येतं. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, तुम्ही वळणार की थांबणार हे मागच्याला कळत नाही. थांबायचं झालं तर रस्त्याच्या कडेला नव्हे, पूर्ण खाली उतरून, पंपावर किंवा धाब्यावर. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३.

सगळ्यात भीती उसाच्या ट्रॉलीची. गळीत हंगाम आणि धुई एकाच वेळी येतात. दोन ट्रॉल्या जोडलेल्या, ऊस मागे लोंबणारा, दिवा नाही. पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला दिंड्याही त्याच रस्त्यांनी पहाटे त्र्यंबकेश्वराकडे चालत असतात. दिंडीत पुढे-मागे एकेक बॅटरीवाला आणि चमकणारी जाकिटं घातलेली दोन माणसं असावीत.

ट्रॉलीचं मात्र आपल्याच हातात आहे. लाल-पांढरी चमकपट्टी फार महाग नाही. भाऊ दसऱ्याला ट्रॅक्टर धुऊन, हळदकुंकू लावून झालं की त्याच फडक्याने ट्रॉलीची मागची फळी पुसतो आणि जुनी, मातीने मेलेली पट्टी खरवडून नवी लावतो. ऊस भरल्यावर ती झाकली जाते म्हणून यंदा त्याने एक पट्टी लाकडी दांडक्याला चिकटवून ते दांडकं उसाच्या शेवटच्या मोळीत खोचायला सुरुवात केली आहे.